समाजाने ठरवायचे म्हणजे कोणी?

(समलिंगी विवाहाच्या कायदेशीर मान्यतेच्या वादासंबंधी एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजचा विषय निश्चित करताना संयोजकांच्या मनात थोडा संकोच होता. या व्याख्यानमालेला कुटुंबे येतात, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एका रांगेत बसतात. त्यांच्यासमोर समलिंगी विवाहाचा विषय मांडावा काय, असा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना म्हटले, विवाहाचा विषय कुटुंबासमोर मांडायचा नाही, तर मग कोणासमोर मांडायचा? गेली काही वर्षे तो वकिलांनी न्यायमूर्तींसमोर मांडला, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आरडाओरडा करीत मांडला गेला. ज्या घरांत विवाह ठरतात आणि निभावले जातात, त्या घरांत मात्र त्याविषयी आपण आवाज खाली करून बोलतो, किंवा बोलतच नाही.

मी कायद्याचा अभ्यासक नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. त्यामुळे एका वाचकाने, एका गृहस्थाने या प्रश्नाकडे कसे पाहावे, एवढेच मी आपल्यासमोर ठेवणार आहे.

न्यायालयाने नेमके काय म्हटले?

प्रथम घटनाक्रम पाहू. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन समलिंगी जोडप्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आमच्या विवाहाची नोंद व्हावी, ही त्यांची मागणी. पुढे निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील तशाच याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या आणि मार्च २०२३ मध्ये प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवले. १८ एप्रिल ते ११ मे या काळात दहा दिवस सुनावणी झाली. तिचे थेट प्रक्षेपण देशाने पाहिले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. पी. एस. नरसिंहा असे ते पीठ होते.

'समलिंगी विवाहाला नकार' एवढ्याच मथळ्याने बहुतेकांनी तो निकाल लक्षात ठेवला. प्रत्यक्षात निकालपत्रे चार आहेत आणि त्यांतील एकमत व मतभेद दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. पाचही न्यायमूर्तींचे एकमत असे की, राज्यघटनेने विवाहाचा मूलभूत हक्क दिलेला नाही, आणि विशेष विवाह कायद्यातील शब्द बदलून समलिंगी विवाह त्यात बसवणे हे न्यायालयाचे काम नव्हे. तृतीयपंथी व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल, तर तिला प्रचलित कायद्यांनुसार विवाह करता येतो, यावरही पाचांचे एकमत झाले. मतभेद झाला तो विवाहाखेरीज एखाद्या नात्याला शासनाने मान्यता देणे बंधनकारक आहे काय, आणि अशा जोडप्याला मूल दत्तक घेता यावे काय, या मुद्द्यांवर. सरन्यायाधीश आणि न्या. कौल यांचा कौल होकारार्थी होता. उरलेल्या तिघांनी तो मानला नाही. तीन विरुद्ध दोन. या निकालाच्या फेरविचाराच्या याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या.

म्हणजे न्यायालयीन वाट तूर्त थांबली आहे. प्रश्न मात्र संपलेला नाही. तो न्यायालयाने परत पाठवला आहे, संसदेकडे आणि समाजाकडे.

तो निकाल मला योग्य का वाटतो

विशेष विवाह कायद्याचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्याचा पहिला अवतार १८७२ चा. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो समाजाच्या चळवळीतून तो आला. त्या कायद्याखाली विवाह करायचा, तर 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. आंतरजातीय विवाहासाठी हिंदुत्वच नाकारण्याची ती अट होती. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपला धर्म न नाकारता परस्परांत विवाह करण्याची मोकळीक मिळाली. १९५४ मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने नवा कायदा केला आणि कोणत्याही दोन धर्मांच्या स्त्री-पुरुषांना धर्म न सोडता विवाह करता येऊ लागला. या प्रवासाला ब्याऐंशी वर्षे लागली आणि त्याची प्रत्येक पायरी कायदेमंडळात, चर्चेअंती चढली गेली.

या कायद्याची वीण स्त्री आणि पुरुष या दोन धाग्यांची आहे. वराचे वय एकवीस, वधूचे अठरा. निषिद्ध नात्यांच्या दोन याद्या, एक पुरुषासाठी व एक स्त्रीसाठी. पोटगीची तरतूद पत्नीसाठी. घटस्फोटाची काही अधिकची कारणे केवळ पत्नीला उपलब्ध. सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सुनावणीत सांगितले की, सुमारे १६० तरतुदींवर या मागणीचा परिणाम होईल. दोन पुरुषांच्या नात्यात पत्नी कोणी म्हणायचे, आणि दोन स्त्रियांच्या नात्यात पोटगी कोणी कोणाकडे मागायची? 'पती' आणि 'पत्नी' हे शब्द पुसून केवळ 'जोडीदार' लिहिले, तर स्त्रीच्या रक्षणासाठी पिढ्यांच्या प्रयत्नांनी उभ्या केलेल्या तरतुदी बोथट होण्याचा धोका आहे. न्या. भट यांनी आपल्या निकालपत्रात हा धोका दाखवला आहे. वस्त्र उसवून नवे शिवायचे असेल तर ते संसदेने करावे, न्यायालयाने एक धागा ओढून नव्हे.

दुसरे कारण आपल्या मनाच्या अधिक जवळचे आहे. हिंदूंच्या सोळा संस्कारांत विवाह हा एक संस्कार आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे. जेथे तो विधी आहे तेथे सातव्या पावलाबरोबर विवाह पूर्ण होतो. विधी न करता केवळ नोंदणीचा दाखला मिळवला म्हणून हिंदू विवाह झाला असे होत नाही, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. मार्च २०२३ मध्ये पानिपत येथे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी हीच भूमिका मांडली होती, की विवाह हा हिंदू जीवनात करार नसून संस्कार आहे आणि तो स्त्री व पुरुष यांच्यातला आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. १९५५ च्या कायद्याने घटस्फोट आणला, तेव्हाच संस्कारात कराराचा अंश शिरला; मग आता संस्काराचा दाखला कशाला? आक्षेप खोटा नाही. परंतु तो बदल संसदेने केला, देशभर वाद झाल्यावर केला, आणि आज घटस्फोटाची तरतूद नको असे म्हणणारे कुटुंब क्वचितच सापडेल. परंपरा बदलते, ती बदलण्याचे स्थान आणि गती कोणती, एवढाच माझा मुद्दा आहे.

आपल्या परंपरेने काय केले होते?

समलिंगी आकर्षण ही पाश्चात्त्यांकडून आलेली वस्तू आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही. कामसूत्रात तृतीया प्रकृतीचा उल्लेख आहे. स्मृतिग्रंथांत अशा संबंधांबद्दल दोष सांगितला आहे, काही ठिकाणी दंड सांगितला आहे. याचाच अर्थ असे संबंध समाजात होते. शास्त्रकारांनी त्यांना मान्यता दिली नव्हती, हे खरे. पण परस्परसंमतीने वागणाऱ्या दोन प्रौढांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारे भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ हे १८६० चे, मेकॉलेच्या मसुद्यातून आलेले. ती इंग्रजी राज्याची देणगी होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी त्याला छेद दिला, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जिवंत केले आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरवले. त्यानंतर संघानेही असे संबंध गुन्हा मानत नसल्याचे जाहीरपणे सांगितले होते. विवाहाच्या मान्यतेला मात्र पाठिंबा नाही, असेही त्याच वेळी स्पष्ट केले होते. जानेवारी २०२३ मधील एका मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला देऊन म्हटले की, अशी माणसे नेहमीच होती, ती समाजाचा भाग आहेत आणि त्यांना त्यांचा खाजगी अवकाश मिळाला पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्या स्मृतींनी विवाहाचे आठ प्रकार सांगितले. ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य हे प्रशस्त. आसुर, गांधर्व, राक्षस आणि पैशाच हे चार त्यांच्यानंतरचे, आणि शेवटचे तर उघडउघड निंद्य. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात याचे सविस्तर विवेचन आहे. निंद्य प्रकारांची गणना तरी का केली? फसवल्या गेलेल्या किंवा पळवलेल्या स्त्रीला निराधार सोडता येत नव्हते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. म्हणजे आदर्श कोणता हे शास्त्रकारांनी ठामपणे सांगितले. आणि आदर्शाबाहेर जी माणसे उरतात त्यांचे काय, हा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. दोन्ही कामे एकाच धर्मशास्त्राने केली. आपण मात्र पहिले काम करून थांबतो.

टिळकांची सूचना

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. कायद्याने समाज सुधारावा की समाजाने स्वतःला सुधारावे, यावर आपल्या पूर्वजांनी जेवढे लिहिले आणि भांडले तेवढे क्वचितच कोणी भांडले असेल. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाच्या वेळी आगरकर एका बाजूला आणि टिळक दुसऱ्या बाजूला होते. परक्या सरकारने आमच्या विवाहसंस्थेत हात घालू नये, सुधारणा समाजाच्या आतून यावी, ही टिळकांची भूमिका.

ती भूमिका आपण आज मोठ्या अभिमानाने उद्धृत करतो. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र विसरतो. विधेयकाच्या आदल्या वर्षी, १८९० मध्ये, टिळकांनी एक सूचना मांडली होती. ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी प्रथम स्वतःवर बंधन घालून घ्यावे: मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत आणि मुलाचे वीस वर्षांच्या आत करणार नाही, हुंडा घेणार नाही, अशा प्रतिज्ञा कराव्यात. प्रस्तावित कायदा जे वय सांगत होता ते बारा. टिळक स्वेच्छेने सोळा पाळायला सांगत होते. 'हे समाजाने ठरवायचे आहे' याचा त्यांच्या लेखी अर्थ 'मी आजपासून असे वागेन' असा होता.

आणि कायदा एकटा किती पुरतो? विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तो १८९३ मध्ये, म्हणजे कायद्याला सदतीस वर्षे झाल्यावर. तरीही मुरूडला गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा त्यांच्या बाजूचा होता, शेजार नव्हता. याच महाराष्ट्राच्या शासनाने २०२३ च्या सुनावणीच्या वेळी केंद्राने मत विचारले असता अधिक वेळ मागितला. राजस्थान, आंध्र आणि आसाम यांनी स्पष्ट विरोध कळवला. आपण वेळ मागितला. तो वेळ आपण कशासाठी वापरला, हे मला कोठे दिसलेले नाही.

विवाहसंस्थेला धोका कोणाकडून?

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. समलिंगी विवाहाला मान्यता दिली तर विवाहसंस्था धोक्यात येईल, असे आपण म्हणतो. पण आज, या घडीला, कोणताही नवा कायदा झालेला नसताना, विवाहसंस्थेचा अपमान आपल्याच घरांत होत आहे, आणि तो आपण आपल्या हाताने, अक्षता टाकून करीत आहोत.

मुलगा आई-वडिलांना सांगतो, मला स्त्रीविषयी आकर्षण नाही. किंवा तो सांगत नाही, पण त्यांना कळलेले असते. मग घरात ठरते: लग्न करून देऊ, लग्न झाले की सुधारेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पत्रिका जुळते, कार्यालय ठरते, आणि दुसऱ्या कोणाची तरी एक निरपराध मुलगी, अग्नीच्या साक्षीने, अशा माणसाच्या हाती दिली जाते जो तिचा पती होऊच शकणार नाही, आणि हे त्याच्या घरच्यांना माहीत असते. मुलींच्या बाबतीतही हेच घडते. तिला तर नाही म्हणण्याची मुभाही कमी असते.

आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत एकदा एक गृहस्थ विवाहविषयक जाहिरात देण्यासाठी आले होते. मुलगी दीड वर्षात माहेरी परतली होती. जाहिरातीत 'घटस्फोटित' शब्दाच्या मागे 'नाममात्र' हा शब्द घालावा, आणि तो ठळक अक्षरांत असावा, एवढीच त्यांची विनंती होती. कारण त्यांनी सांगितले नाही, पैसे मोजताना एकच वाक्य बोलले, "त्यांना सगळे ठाऊक होते हो." त्या 'नाममात्र' शब्दात एका मुलीची दीड वर्षे होती. सप्तपदीची सात पावले तिने खरी मानून टाकली होती.

कायदा अशा मुलीला वाट देतो. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती घेतली असेल, तर विवाह रद्द करून घेता येतो. फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत दावा करावा लागतो. पण किती मुली वर्षाच्या आत उघडपणे बोलतात? बहुतेक स्वतःतच दोष शोधत राहतात.

मला सांगा, विवाह हा संस्कार आहे असे आपण मनापासून मानतो ना? मग संस्कार ही काही एखाद्याला दुरुस्त करण्याची युक्ती नव्हे, चार लोकांची तोंडे बंद करण्याचे साधनही नव्हे. न्यायालयात विवाहाची मागणी घेऊन गेलेल्या त्या जोडप्यांशी माझा मतभेद आहे. पण त्यांनी कोणाला फसवले नाही. ज्यांनी फसवून लग्ने लावली त्यांनी विवाहाचे पावित्र्य अधिक मोडले, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

डॉक्टर आणि बुवा

लग्नाआधीची पायरी म्हणजे उपचार. कोणी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतो, कोणी बुवाकडे. याबाबत वैद्यकशास्त्राची भूमिका आता स्वच्छ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे जाहीर केले. औषधे, विजेचे झटके वा समुपदेशनाच्या नावाखाली असे आकर्षण 'बदलण्याचे' प्रयोग हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. तेव्हा जो कोणी 'सहा महिन्यांत बरा करतो' म्हणून पैसे घेतो, तो आपल्या काळजीचा व्यापार करतो.

हे केवळ महानगरांतील उच्चभ्रूंचे खूळ आहे, असा युक्तिवाद शासनाच्या वतीनेही सुनावणीत झाला होता. तो मला पटला नाही, आणि सरन्यायाधीशांनीही त्याला आधार नसल्याचे म्हटले. बोलण्याची भाषा शहरात मिळते, म्हणून बोलणारे शहरात दिसतात. खेड्यातला मुलगा बोलत नाही. तो घर सोडतो, किंवा त्याहून वाईट काही करतो. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर एका तरुणीचे प्रकरण आले. तिचे एका स्त्रीवर प्रेम होते म्हणून तिच्या कुटुंबाने तिला इच्छेविरुद्ध घरात अडकवून ठेवले होते. न्यायालयाने तिची सुटका केली आणि विवाहाची मान्यता नसली तरी अशा व्यक्तींना आपले कुटुंब निवडता येते, असे सांगितले. हा निकाल कोणाला आवडो न आवडो. आपल्या मुलीला आपल्यापासून सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागावा, यात कोणत्या संस्कृतीचा विजय आहे?

शासनाने काय करावे?

सुनावणीत दिलेल्या आश्वासनानुसार केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की, अशा व्यक्तींना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि खात्यावर जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास कोणतीही आडकाठी नाही. एकत्र राहणाऱ्यांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानावे, असे राज्यांना कळवण्यात आले. जवळचा नातेवाईक उपलब्ध नसेल तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात मिळावा, यासाठी आरोग्य मंत्रालयाने पत्र पाठवले. ही पावले योग्य आहेत.

पण ती परिपत्रकांची पावले आहेत. वीस वर्षे एकत्र राहिलेल्या दोघांपैकी एकजण अतिदक्षता विभागात असेल, तर रुग्णालय नातेवाईकाची सही मागते. बँकेतील नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. मृत्युपत्र नसेल, तर मालमत्ता रक्ताच्या नातेवाइकांकडे जाते, मग त्यांनी वीस वर्षे दारात पाऊल ठेवू दिलेले नसले तरी. माझे मत असे की, संसदेने विवाहाच्या व्याख्येला हात न लावता, आजारपण, निवारा, वारसा आणि अंत्यसंस्कार या गोष्टींपुरता एक मर्यादित कायदा करावा. रक्ताचे नाते नसलेल्या ज्या कोणा दोन प्रौढांना परस्परांची जबाबदारी घ्यायची असेल, मग त्या दोन वृद्ध मैत्रिणी का असेनात, त्या सर्वांना तो उपयोगी पडेल.

यावर आपल्यातील काहीजण म्हणतील, ही तर पहिली पायरी! फ्रान्सने १९९९ मध्ये नागरी सहजीवनाचा करार आणला आणि २०१३ मध्ये विवाह. ब्रिटनने २००४ मध्ये नागरी भागीदारी दिली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ साली विवाहाचा कायदा केला. हे खरे आहे. इटलीने मात्र २०१६ मध्ये नागरी सहजीवनाला मान्यता दिली आणि तो देश अद्याप तेथेच थांबला आहे. जपानमध्ये देशपातळीवर विवाहाची मान्यता नाही, पण २०१५ पासून अनेक नगरपालिका जोडप्यांना प्रमाणपत्रे देतात. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ रोजी जगात प्रथम असा विवाह मान्य केला. आज पस्तीसहून अधिक देशांत तो आहे. आशियात तैवानने २०१९ मध्ये आणि थायलंडने जानेवारी २०२५ मध्ये तो आणला. आयर्लंडने २०१५ मध्ये लोकांना मत विचारले आणि बासष्ट टक्के लोकांनी होकार दिला. अमेरिकेत त्याच वर्षी तो न्यायालयाच्या पाच विरुद्ध चार मतांनी आला आणि वाद शमला नाही. २०२२ मध्ये तेथील काँग्रेसला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. प्रत्येक देश आपल्या गतीने चालला आहे. आपली संसद काय करील, हे पुढील पिढीचे लोकप्रतिनिधी ठरवतील. उद्याच्या पायरीच्या भीतीने आज रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला बाहेर ठेवणे, हे मात्र मला धर्माला धरून वाटत नाही.

आपल्या प्रतिज्ञा

बंधुभगिनींनो, २०२३ मध्ये आपण सर्वांनी एकमुखाने म्हटले होते की, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींनी नव्हे, समाजाने ठरवायचा आहे. न्यायालयाने ते मान्य केले. आता समाज म्हणजे कोण? या सभागृहात बसलेले आपण. तेव्हा टिळकांच्या पद्धतीने मी आपल्यासमोर चार प्रतिज्ञा ठेवतो. कोणाची सही मागत नाही. प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन, आपल्या मनाशी विचार करावा.

पहिली: माझ्या मुलाचे वा मुलीचे लग्न मी त्याच्या वा तिच्या इच्छेविरुद्ध लावणार नाही.

दुसरी: मला जे ठाऊक आहे ते समोरच्या घरापासून लपवून कोणाच्याही मुलीचे वा मुलाचे आयुष्य मी पणाला लावणार नाही, आणि माझ्या नात्यात असे घडत असेल, तर अक्षता घेऊन गप्प उभा राहणार नाही.

तिसरी: आजार नसलेल्या गोष्टीवर उपचार करून घेण्यासाठी माझ्या लेकराला मी कोणाच्याही हवाली करणार नाही.

चौथी: ते जे काही सांगेल ते मला पटले नाही, तरी माझ्या घराचे दार त्याला बंद होणार नाही. गणपतीला ते घरी येईल, आणि आरतीला आपल्या जागी उभे राहील.

या चार गोष्टींसाठी कोणत्याही कायद्याची गरज नाही, कोणत्याही न्यायालयाची परवानगी नको. त्या पाळून विवाहाच्या व्याख्येविषयीची आपली भूमिका कणभरही सोडावी लागत नाही. उलट त्या पाळल्या तरच ती भूमिका प्रामाणिकपणे मांडण्याचा अधिकार आपल्याला राहतो.

 प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखलेला आहे. तरुण मंडळींनी प्रथम विचारावे, अशी माझी विनंती आहे.